जादा तीन पाटे

जालन्यातले एक हाडांचे डॉक्टर दर दिवाळीला माझ्या घरी मिठाईचा डबा पाठवतात. आमचं नातं नाही, मी कधी त्यांचा पेशंट नव्हतो, आणि त्यांच्याकडे ट्रकही नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, डबा चुकून आला. फोन केला तर डॉक्टर हसत म्हणाले, तुमच्या दुकानातून गाडी बाहेर पडली की सहा-आठ महिन्यांनी तिचा ड्रायव्हर कंबर धरून माझ्याकडे येतो, इतकी वर्षं तुम्ही माझा दवाखाना चालवलात, एक डबा तरी घ्या. मी डबा ठेवून घेतला. घरात सगळ्यांनी आवडीनं खाल्ला. मी एकच तुकडा खाल्ला, तोही बायकोनं दोनदा विचारल्यावर.

मी पाट्यांचा मिस्त्री. दुकान पुतण्याच्या हवाली करून आता दोन वर्षं झाली. पाटा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात ट्रक नाही त्यांना सांगायला हवं. ट्रकच्या चाकांच्या वर आणि सांगाड्याच्या खाली, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची एक चवड असते. एक पट्टी लांब, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. त्या एकेका पट्टीला आम्ही पाटा म्हणतो. माल भरला की चवड दबते, सरळ व्हायला लागते. खड्डा गेला की परत वाकून जागेवर येते. तुटलेला पाटा बदलायचा, दमलेला पाटा भट्टीत तापवून घणानं पुन्हा कमान द्यायची, पाट्याच्या टोकातले झिजलेले बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या छोट्या नळ्या, काढायचे आणि सगळी चवड मोठ्या बोल्टांनी एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, आवळून टाकायची, हे माझं काम. आयुष्यभर मी ट्रक मागून आणि खालून बघितले. एखाद्या गाडीचं तोंड कसं होतं हे मला आजही आठवत नाही, पण तिचा मागचा कुठला पाटा कुठं तडकला होता ते सांगू शकतो.

पाट्याला दोन कामं असतात. वजन पेलायचं आणि वाकायचं. बाजेवर माणूस झोपला की सुंभ थोडा झोळ खातो, म्हणून झोप लागते. त्याच बाजेवर फळी टाकली तर चार माणसांचं वजन पेलेल, पण झोपेल कोण? माझ्या गिऱ्हाइकांना फळी पाहिजे असायची. पाट्याचं वाकायचं काम त्यांना चैनीचं वाटायचं, कारण त्या गाडीत ते स्वतः बसत नसत.

जालना सळईचं गाव. कारखान्यातून सळई निघते, ती ट्रकवर चढते, तिची शेपटं मागं बाहेर लोंबतात, आणि सगळा भार येतो मागच्या चाकांवर. कागदावर किती माल लिहायचा आणि गाडीत किती भरायचा या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसऱ्या विद्येसाठी लोक माझ्याकडे येत. नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी माझ्या दुकानी यायची आणि मग जांबला समर्थांच्या दर्शनाला जायची. पुढं झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघालेला नसायचा, आणि मालक उतरून म्हणायचा, मिस्त्री, चार पाटे वाढवा. मी विचारायचो, कंपनीनं दिलेत ते कमी आहेत का? त्यावर ठरलेलं उत्तर यायचं की कंपनीचा इंजिनिअर एसीत बसतो, त्याला जालन्याचा लोड काय माहीत.

पाटे वाढवले की रिकाम्या गाडीची मागची बाजू चांगली वीतभर वर उचलते. आमच्याकडे ही मालकाच्या ऐपतीची खूण समजली जाते. दोन साडू होते, दोघांकडे एकेक ट्रक. एकानं एक पाटा वाढवला की दुसरा आठवड्यात हजर. पहिल्याची गाडी किती उंच झाली ते दुसरा काठीनं मोजून यायचा आणि काठीवर खूण दाखवून म्हणायचा, याच्या वर पाहिजे. शेवटी थोरल्या साडूची गाडी इतकी ताठ झाली की रिकामी असताना गतिरोधकावरून तिची मागची चाकं जमिनीपासून सुटायची आणि तिथं दाबलेला ब्रेक हवेत लागायचा. ड्रायव्हर नोकरी सोडून गेला. साडूला त्याचं काही वाटलं नाही. गाडी उंच दिसते की नाही, एवढंच त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, दिसते. मीही काही फार वेगळा माणूस नव्हतो.

पाट्यांशिवाय दुसरे प्रकारही आमच्या लाइनीत आहेत. दहा चाकी गाडीला मागं दोन एक्सल असतात. तिथं पाट्याची चवड उलटी ठेवून मधे खुंट्यावर बसवतात आणि तिच्या दोन टोकांवर दोन एक्सल. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसरं भार वाटून घेतं, तराजूसारखं. खडी-मुरूम वाहणाऱ्या टिपरांना रबराचे जाड ठोकळे येतात. त्यांना ना ग्रीस लागतं ना कौतुक, पण रिकामी गाडी दगडासारखी चालते. आणि अलीकडच्या भारी गाड्यांना बलून येतात, म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्या. माल भरला की हवा वाढते, उतरला की कमी होते, गाडी कायम एका उंचीवर राहते. चाल इतकी मऊ की ड्रायव्हरचा चहा सांडत नाही.

अशी एक बलूनची गाडी एका मालकानं काचेचा माल वाहायला घेतली. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, मिस्त्री, हवेवर भरवसा कसा ठेवायचा? खाली आधाराला दोन पाटे टाका. मी त्याला समजावलं की पाटे टाकले तर भार पाट्यांवर जाईल आणि बलूनला कामच उरणार नाही. तो विचारात पडला. बऱ्याच वेळानं म्हणाला, बरं, मग एकच टाका. मी टाकला, चांगला जाड. बलून तेव्हापासून बसून राहिले. महिन्याभरात काच फुटायला लागली आणि या गृहस्थानं कंपनीकडे तक्रार केली की तुमच्या बलूनमध्ये दम नाही. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात आला, माझ्याच दुकानासमोर गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी चहा मागवला. तो त्यानं घेतला.

चाल सरळ ठेवणं हा आमच्या धंद्यातला दुसरा भाग. लोकांना वाटतं अलाइनमेंट म्हणजे पुढची चाकं. खरं तर मागचा एक्सल गाडीला काटकोनात नसला तर गाडी तोंड एकीकडे आणि धड दुसरीकडे करून चालते. गल्लीतलं कुत्रं कधी कधी तिरकं पळतं, तशी. ड्रायव्हरला स्टिअरिंग सारखं एका अंगाला धरून ठेवावं लागतं आणि टायर खवल्या-खवल्यांनी झिजतात. अशी एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिला पुढं काळी बाहुली, मागं जुनी चप्पल आणि दोन्ही आरशांना लिंबू-मिरची होती. मालकानं कुणाच्या सांगण्यावरून गाडी उभी करायची दिशाही बदलली होती. आधी ती दक्षिणेला तोंड करून उभी राहायची, आता पूर्वेला. ती पूर्वेलाही तिरकीच चालायची.

मी गवंड्याचा दोरा घेतला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. दोन बोटांचा फरक. चवडीच्या मधोमध एक बोल्ट असतो, तो तुटून एक्सल एका बाजूनं मागं सरकला होता. बोल्ट बदलला, एक्सल जागेवर आणला, गाडी सरळ झाली. मालक मात्र नाराज होता, कारण हातात काही कागद मिळाला नाही. बायपासला कॉम्प्युटरचं सेंटर निघालं होतं. तिथं छापील कागद मिळायचा, त्यावर गाडीचं चित्र आणि हिरवी रेघ. दुसऱ्या महिन्यात मीही एक पॅड छापून घेतलं. गाडीचं चित्र, खाली हिरवी रेघ आणि 'चाल सरळ' एवढी अक्षरं. मोजायचो दोऱ्यानंच. कागद द्यायला लागल्यापासून माझ्या दोऱ्यावर लोकांचा विश्वास बसला. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण लाजही फारशी वाटत नाही.

लाज वाटते ती युसूफभाईंच्या गोष्टीची. इतका वेळ गमतीजमती सांगत बसलो, पण हे लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी.

युसूफभाई जुन्या जालन्यात राहणारे, बबनशेठच्या दहा चाकीवर एकोणीस वर्षं ड्रायव्हर. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्यांची गाडी सळई वाहायची आणि मोसंबीचा हंगाम आला की अंबडच्या अंगाच्या बागांतून फळ भरून दिल्लीला जायची. आमच्या लाइनीत ड्रायव्हरची जात दोनच शब्दांत ठरते. हात हलका किंवा हात जड. ज्याचा हात हलका त्याला फळ मिळतं, काच मिळते, अंडी मिळतात, आणि चारचौघांत मान मिळतो. एकदा हात जड म्हणून बोभाटा झाला की सगळ्या रस्त्यावर तो पसरतो आणि त्या माणसाला कुणी मातीचा फेरासुद्धा देत नाही. युसूफभाईंचा हात जालन्यात सगळ्यात हलका. त्यांच्या गाडीतली मोसंबी दिल्लीला पोचते तेव्हा तिचा देठही हललेला नसतो, असं बागवाले सांगत.

बबनशेठकडे अकरा ट्रक. त्यांतल्या एकातही ते कधी बसले नव्हते. त्यांची पांढरी मोटार होती, तिच्या सीटवर मऊ गादी, गादीवर टर्किशचा टॉवेल. त्या मोटारीचा एक शॉकअप जरा कुरकुरला तर तीन दिवस मला फोन यायचे. त्यांच्या अकराच्या अकरा गाड्यांचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे निम्मं दुकान त्यांच्यावर चालायचं. ते हे जाणून होते आणि मीही.

युसूफभाई मुलीच्या निकाहासाठी आठवडाभर सुट्टीवर गेल्यावर शेठनी ती दहा चाकी माझ्याकडे पाठवली. मागं दोन्ही बाजूंना तीन-तीन पाटे वाढवायचे. मी म्हटलं, शेठ, दोन महिन्यांनी हीच गाडी मोसंबीला जाईल. फळाचा भार सळईच्या निम्मासुद्धा नसतो, एवढे पाटे त्या वजनाला दबणारच नाहीत. शेठ म्हणाले, मोसंबी काय न् सळई काय, वजन ते वजन. मग जाता जाता म्हणाले, युसूफला काही बोलू नका, तो उगं कुरकुर करतो, त्याला गाडी न्हाई, पाळणा पाहिजे.

मी पाटे टाकले. चवडीच्या मधल्या भागात बसवले, म्हणजे वरून-खालून बघणाऱ्याला जुनेच दिसावेत. नवं पोलाद चमकू नये म्हणून सगळ्या चवडीला जळकं ऑइल फासलं. युसूफभाई परत आले तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, मागून जरा उंच वाटते. मी म्हटलं, नवे बुश टाकलेत. पाटे मोजणं ड्रायव्हरचं काम नाही. ते मिस्त्रीवर सोडायचं असतं, आणि त्यांनी सोडलं. सळई भरली की चवड दबायची, म्हणून दोन महिने काही फार जाणवलं नाही.

मग मोसंबीचा हंगाम लागला. पहिल्या फेऱ्याला दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला की खालच्या थरातल्या फळाला मार लागलाय. मोसंबीला मार लागला की लगेच दिसत नाही. सालीवर तेलकट डाग येतात आणि दोन दिवसांत फळ मऊ पडतं. दुसऱ्या फेऱ्यालाही तेच. शेठ युसूफभाईंना चारचौघांत बोलले. युसूफभाई दिल्लीवरून आले ते घरी न जाता थेट माझ्या दुकानी आले.

"मिस्त्री, गाडी पयल्यासारखी न्हाई राह्यली," ते म्हणाले. "पाठीत ठोसा मारते. जरा खाली जाऊन बराबर बघा."

मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरलो. बराच वेळ तिथं पडून राहिलो. मग बाहेर आलो, फडक्याला हात पुसले आणि सांगितलं की सगळं बराबर आहे, बुश नवे आहेत, बसायला वेळ लागतो.

युसूफभाईंनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, क्षणभरही विचार न करता.

"मंग माझंच काही तरी चुकून राह्यलं," ते म्हणाले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी बघत होतो. त्यांनी डोळे तपासून घेतले आणि चष्मा केला. सीटवर घोंगडीची चौघडी घातली. पूर्वी एका जागी थांबायचे तिथं आता दोन जागी थांबायला लागले, गाडी इतकी हळू चालवायला लागले की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढं जायचे आणि हात दाखवायचे. एकदा चहा पिताना मला म्हणाले की बहुतेक वय झालं, खड्डा आधी दिसायचा तो आता अंगावर आल्यावर दिसतो. त्यांना खड्डा आधीच दिसत होता. मी त्यांच्या गाडीच्या खाली फळी टाकून ठेवली होती, आणि मी समोर बसून बशीतला चहा पीत होतो.

तिसऱ्या फेऱ्याला व्यापाऱ्यानं निम्मा माल नाकारला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दुकानापुढं ग्रीसिंगला उभी होती तिथंच शेठ आले. ड्रायव्हर बदलायचा तर चावी गाडीजवळ घ्यायची, चार लोकांसमोर, ही आमच्याकडची पद्धत. समोर चहाच्या हॉटेलात पाच-सहा ड्रायव्हर बसलेले होते. शेठ मुद्दाम मोठ्यानं बोलले. एकोणीस वर्षं ठेवलं, पण आता हात जड झाला, माझी मजबुरी आहे, असं काहीबाही. मग माझ्याकडे वळले.

"मिस्त्री, तुम्हीच सांगा सगळ्यांसमोर. गाडीत काही खोट हाय का?"

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. मी बोलणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती खात्री मीच त्यांना इतकी वर्षं एकेका होकारातून दिली होती. खरं बोलायची माझी हिंमत झाली नाही. पण खोटंही घशातून निघेना. म्हणून मी चलाखी केली. म्हटलं, शेठ, मी कशाला सांगू, तुम्ही स्वतः बसून बघा. गाडी रिकामी आहे. अंबड रोडनं अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत या, युसूफभाई चालवतील. तुमचा हात कोण धरणार आहे, मग जे ठरवायचं ते ठरवा. हॉटेलातले ड्रायव्हर ऐकत होते, त्यामुळे शेठना नाही म्हणता येईना.

शेठना ट्रकच्या केबिनमध्ये चढता येत नव्हतं. पाय कुठं ठेवायचा आणि हात कुठं धरायचा हे अकरा ट्रकांच्या मालकाला ठाऊक नव्हतं. दोन ड्रायव्हरांनी खालून टेकू दिला तेव्हा ते वर पोचले. मी मागच्या बाकड्यावर बसलो. गावाबाहेर पडेपर्यंत शेठ ऐटीत होते, डाव्या हाताला काय काय आपल्या ओळखीच्यांचं आहे ते सांगत होते. पहिल्या गतिरोधकावर त्यांचं वाक्य तुटलं. दुसऱ्याला खिशातला मोबाइल निघून पायाशी गेला. तिसऱ्याला टोपी गेली. त्यापुढं ते दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसले. रिकामी गाडी, त्यात इतके पाटे. मागची बाजू उडायची आणि तिचा दणका सीटमधून थेट मणक्यात यायचा. युसूफभाई इतक्या नजाकतीनं चालवत होते की मी तसं चालवणं परत बघितलं नाही. प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबवायचे. तरीही दणका बसायचाच. आणि प्रत्येक दणक्याला ते हळूच म्हणायचे, माफ करा शेठ.

माझ्या पाट्यांची माफी ते मागत होते. मी मागं बसून ती मोजत होतो. सोळा झाल्या तेव्हा मोजणं सोडलं.

दुकानापुढं गाडी थांबली. शेठ उतरले, म्हणजे उतरवले गेले. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, झालं, रस्त्यानंच सांगून टाकलं, आता मला बोलायची गरज नाही. शेठनी टोपी झटकली आणि हॉटेलाकडे बघून म्हणाले की रस्त्याची पार वाट लागली आहे, सरकार काय करून राह्यलंय कुणास ठाऊक. मग म्हणाले, आणि याचा हात तर आता लईच जड झालाय, मला सोताला कळलं.

"चावी दे, युसूफ."

युसूफभाईंनी चावी काढली. तिच्या कडीत एक तावीज अडकवलेला होता, त्यांच्या आईनं दिलेला. तो ते नखानं सोडवायला लागले. कडी घट्ट होती, निघेना. नवा चष्मा नाकावर खाली घसरला होता आणि ते मान वाकवून कडी उघडत होते. हॉटेलातले सगळे ते बघत होते.

"शेठ, गाडीत तीन पाटे जादा आहेत," मी म्हटलं. "दोन्ही अंगाला. मी टाकलेत."

माझा आवाज मलाच लहान वाटला. पण हॉटेलापर्यंत पोचला असावा, कारण तिथलं एक बाकडं कुरकुरलं. शेठ माझ्याकडे वळले. मग जे बोलले ते ऐकून मला त्यांचं कौतुकच वाटलं. म्हणाले, मिस्त्री तुम्ही, मला त्यातलं काय कळतंय, टाकले तर मला इचारून तरी टाकायचे. मी ते अंगावर घेतलं. त्यांनी सांगितलं होतं हे खरं, पण घण मी मारला होता, ऑइल मी फासलं होतं आणि खोटं मी बोललो होतो. शेठनी चारचौघांत मोठं मन केलं. युसूफ, गैरसमज झाला, चावी राहू दे तुझ्याकडंच, असं म्हणाले आणि मला हुकूम केला की सगळे जादा पाटे आजच्या आज फुकट काढून द्यायचे. जाताना बजावून गेले की काढलेले पाटे टाकून देऊ नका, दुसऱ्या गाडीत कामाला येतील.

ते पाटे खरंच दुसऱ्या गाडीत गेले, पण दुसऱ्या मिस्त्रीकडून. शेठच्या अकराच्या अकरा गाड्या माझ्या दुकानातून गेल्या आणि परत आल्या नाहीत. युसूफभाईंचं नाव वाचलं. चौथ्या फेऱ्याची मोसंबी दिल्लीला धड पोचली आणि बागवाले पुन्हा देठांच्या गोष्टी सांगायला लागले. अजूनही ते गाडी चालवतात. रस्त्यात भेटले की सलाम करतात, मुलीकडची खुशाली सांगतात. वरवर सगळं पूर्वीसारखं आहे.

पण त्या दुपारी मी पाटे काढत होतो तेव्हा ते घरी गेले नाहीत. क्रेट उलटं टाकून माझ्याजवळ बसून राहिले. मी बोल्ट सोडत होतो, चवड उलगडत होतो, एकेक पाटा बाजूला ठेवत होतो. ते रागावतील, शिव्या देतील, हॉटेलातल्या लोकांना ऐकवतील, याची मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. सहावा पाटा निघून जमिनीवर पडला तेव्हा ते बोलले.

"मिस्त्री, मी त्या दिवशी म्हटल्यावर तुम्ही खाली गेल्ते. बराच टाइम पडून होते. मंग तिथं काय बघून राह्यल्ते?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. अंधार होता, शेठची भीती होती, दुकान होतं, घर होतं. त्यातलं काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती, आधी हलवली होती तशीच. मी हातातला पाना खाली ठेवला.

"माझं काम बघत होतो, युसूफभाई," मी म्हटलं. "छान बसलं होतं."